‘एम’ अक्षराच्या भरवशावर

प्रश्न: आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. एप्रिलमध्ये 25 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (पिकअपमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतला, 2025 चं मॉडेल, एकदम कोरा. दोन ॲक्सल, चार चाकं, कमाल वजन 7,600 पौंड. जूनमध्ये सासू-सासरे कराडहून येताहेत, तेव्हा सगळ्यांनी मिळून ग्रँड कॅन्यनला जायचं ठरलंय. टायरवर लिहिलंय: एसटी 205/75 आर14, लोड रेंज डी, 105/101 एम. टायरवर कोरलेल्या डीओटी या सरकारी नंबरचे शेवटचे आकडे 3124. डीलर म्हणाला, ‘एम’ म्हणजे ताशी 81 मैल, तेव्हा 75 ने बिनधास्त जा. नवऱ्याला ते पटलंय. शेजारचे गृहस्थ वीस वर्षं कॅम्पिंग करताहेत. ते म्हणतात हे टायर नाहीत, बॉम्ब आहेत, घरी आणायच्या आधीच बदलायला हवे होते. सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांना व्हिडिओ कॉलवर टायर दाखवले. त्यावर ‘एसटी’ वाचून आधी हसले, मग जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “एवढ्या मोठ्या खोलीला एवढीशी चाकं?” नव्या गाडीचे नवे टायर काढून टाकायचे हे माझ्या जिवावर येतंय. कोणाचं ऐकू?
— तिघांच्या कात्रीत सापडलेली, फ्रिस्को, टेक्सास

सासऱ्यांचं ऐका. तिघांत त्यांनी एकट्यानेच टायरवरचं अक्षर सोडून टायरवर बसलेल्या खोलीकडे पाहिलं.

त्यांना सांगा, या टायरवरच्या ‘एसटी’चा लाल डब्याशी संबंध नाही. ते ‘स्पेशल ट्रेलर’. हा टायर फक्त मागे ओढल्या जाणाऱ्या गाडीसाठी असतो. त्याला इंजिनाचा जोर रस्त्यावर उतरवायचा नसतो की गाडी वळवायची नसते. त्याचं काम वजन उचलून मुकाट मागे यायचं. त्यामुळे त्याची बाजू जाड आणि ताठ असते आणि लहानशा मापातही तो बरंच वजन उचलतो. सासऱ्यांना जे खटकलं ते तिथेच आहे.

‘एम’ म्हणजे ताशी 81 मैल, साधारण 130 किलोमीटर. यात डीलर खोटं बोललेला नाही. ‘एल’ असतं तर 75, ‘एन’ असतं तर 87. पण ही मर्यादा धडधाकट टायरची आहे, पूर्ण हवा भरलेल्या आणि नेमून दिलेल्या वजनाच्या आत राहिलेल्या. जुलैतल्या डांबरावर, चार पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी असताना, उजव्या बाजूला फ्रिज आणि सगळा किराणा ठासलेला असताना तो किती सोसेल, हे त्या अक्षरात नाही.

सासरे कराडचे, म्हणजे कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या त्यांनी जन्मभर पाहिल्या असतील. ट्रॉलीवर टायरच्या ताकदीबाहेरचा ऊस रचलेला असतो आणि तरी ती बहुतेक वेळा काट्यापर्यंत नीट पोचते, कारण ती पंधरा-वीसच्या वेगाने डुलत चाललेली असते. तीच ट्रॉली तेवढ्याच उसासकट पुणे-बंगळूर हायवेवर ऐंशीने ओढायला कोणी धजणार नाही. टायर जितका हळू फिरेल तितकं जास्त वजन पेलतो आणि वेग वाढवला की ती ताकद कमी होत जाते.

ट्रेलरच्या टायरचा सगळा हिशेब यावरच उभा आहे. 16 इंची मापाचं उदाहरण घ्या. एसटी 235/80 आर16, लोड रेंज ई (लोड रेंज म्हणजे वजन पेलायची प्रत, सी-डी-ई अशी चढत जाणारी), 80 पीएसआयवर 3,520 पौंड उचलतो. जवळजवळ तेवढाच दिसणारा पिकअपचा टायर, एलटी 235/85 आर16, त्याच लोड रेंजचा, तेवढ्याच हवेवर 3,042 पौंड उचलतो. वरचे पावणेपाचशे पौंड कुठून आले? रबर काही जादूचं नसतं. टायर अँड रिम असोसिएशन या अमेरिकी संस्थेच्या तक्त्यांत एसटी टायरची वजनं ताशी 65 मैलांची मर्यादा धरून मांडलेली आहेत. वेग कमी ठेवायच्या बोलीवर वजनाची सूट मिळालेली आहे.

मग 65 च्या टायरवर 81 कसं आलं? कित्येक वर्षं एसटी टायरवर वेगाचं अक्षरच नसायचं, आणि अक्षर नाही म्हणजे 65 हे ठरलेलं होतं. 2015 मध्ये अमेरिकेने चीनहून येणाऱ्या कारच्या आणि हलक्या ट्रकच्या टायरवर अँटिडंपिंग शुल्क बसवलं. ट्रेलरचे टायर त्यातून वगळले, पण अटी घालून. ‘फक्त ट्रेलरसाठी’ अशी सूचना बाजूवर कोरलेली हवी, आणि वेगमर्यादाही कोरलेली हवी. त्या सुमारापासून एल आणि एम ही अक्षरं सर्रास दिसू लागली. वजनाचे आकडे मात्र होते तिथेच राहिले. तुमच्या मापाचा टायर अक्षर नसताना 65 पीएसआयवर 2,040 पौंड उचलायचा, अक्षर आल्यावरही 2,040 च उचलतो. (105 हा आकडा तेच सांगतो, 925 किलो. 101 हा दुहेरी चाकांसाठी असतो, तो तुमच्या कामाचा नाही.) काही कंपन्यांनी टायरची आतली बांधणी खरोखर सुधारली, हे मी वापरून पाहिलंय. काहींच्या बाबतीत अक्षर आधी आलं आणि बांधणी मागून येतेय, असा माझा संशय आहे. कस्टमचा कागद वेगळा आणि रबराचा कस वेगळा.

कायदाही ट्रेलरला सावत्रपणानेच वागवतो. कार-पिकअपच्या रेडियल टायरना 2007 पासून केंद्रीय मानक क्रमांक 139 लागू आहे, त्याच्या चाचण्या बऱ्याच कडक आहेत. एसटी टायर त्यातून वगळलेले आहेत, त्यांच्यासाठी सत्तरच्या दशकात आलेलं 119 चालतं. तुमच्या पिकअपमध्ये हवा कमी झाली की पिवळा दिवा लागतो. ट्रेलरला तो दिवा देण्याची सक्ती नाही. तुम्ही एसी लावून, गाणी लावून पुढे बसलेल्या असता आणि तीस फूट मागे काय चाललंय याची खबर तुम्हाला शेजारून जाणारा ट्रकवाला हॉर्न वाजवून देतो. मला तशीच मिळाली होती.

तेव्हा माझा ट्रेलर तुमच्यापेक्षा लहान होता आणि अक्कलही तेवढीच. आय-40 हायवेवर, न्यू मेक्सिकोत टुकुमकारीच्या अलीकडे, जुलैतली दुपार. आदल्या थांब्यावर गेज लावून पाहिला तर 50 च्या जागी 57. उन्हात उभी गाडी, त्यात तीन तास चाललेली, हवा फुगणारच. पण मी घाबरलो आणि चारही टायरमधली हवा सोडून 50 वर आणली, वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. तासाभराने उजवीकडचा मागचा टायर गेला. गाडी बाजूला घेऊन खाली उतरलो तर टायरची बाजू रिमवर शाबूत होती आणि सापाने कात टाकावी तसा वरचा सगळा पट्टा सुटून गेलेला. जाता जाता त्या पट्ट्याने चाकावरचा पत्रा मुरगळला, खालचं आवरण फाडलं, दिव्यांच्या वायरी तोडल्या आणि चाकाच्या वरची फळी आतून उचलली. तिथे स्वयंपाकाचं कपाट होतं. भाजणीचा स्टीलचा डबा उघडून ट्रेलरभर भाजणी पसरली होती. पुढची दोन वर्षं कुठल्या ना कुठल्या फटीतून ती निघत होती.

तो टायर स्वस्तातलाच होता. पण मारला मी. ज्या हवेवर त्याने वजन उचलायचं तीच मी काढून घेतली. सासऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये हे कोणी केलं असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं ते इथे छापता येणार नाही.

आता शेजारच्या गृहस्थांकडे वळू. ‘चायना बॉम्ब’ हा शब्द कॅम्पिंगवाल्यांत दोन दशकं फिरतोय आणि तो हवेतून आलेला नाही. नव्या ट्रेलरवरचे टायर दोन-तीन हंगामांतच पट्टा टाकतात हे अनेकांनी अनुभवलंय. पण सगळा दोष चीनला देऊन मोकळं होणं सोपं आहे. ट्रेलर बनतात मुख्यतः इंडियाना राज्यात, एल्खार्ट गावाच्या आसपास. ग्राहक शोरूममध्ये आला की आधी आत शिरतो, ओटा बघतो, पलंगावर बसून बघतो, टीव्हीखालची खोटी शेकोटी पेटवून बघतो. खाली वाकून टायर बघणारा शंभरात एखादा. कारखानदारालाही हे ठाऊक असतं. मग पैसे कुठे वाचवायचे हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

पूर्वी तर कमाल होती. 3,500 पौंडांच्या ॲक्सलवर याच मापाचे पण लोड रेंज सीचे टायर सर्रास असायचे, एकेक 1,760 पौंडांचा. दोन मिळून 3,520. म्हणजे अख्ख्या ॲक्सलवर वीस पौंडांची सवड. आजीचा पितळी खलबत्ता बरोबर घेतला की संपली. 2017 पासून आरव्ही, म्हणजे अशा राहत्या गाड्यांच्या, उद्योगाच्या संघटनेने ॲक्सलच्या क्षमतेपेक्षा टायरची क्षमता किमान दहा टक्के जास्त हवी असा दंडक घातला, म्हणून तुम्हाला डी मिळाले. तुमच्या ॲक्सलवर पाटीनुसार 3,500 धरले तर टायर 4,080 चे, म्हणजे सोळा टक्क्यांच्या वर सवड. 7,600 मधले उरलेले सहाशे पौंड पिकअपच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या आकड्यावर, बसतात. कागदावर तुमचा ट्रेलर चोख आहे आणि माझ्या जुन्या ट्रेलरपेक्षा कितीतरी बरा. शेजाऱ्यांचा अनुभव बहुतेक त्या वीस पौंडवाल्या जमान्यातला असणार.

पण कागद रस्त्यावर येत नाही, म्हणून आधी वजन करा. बहुतेक मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो, म्हणजे आपला काटाच. तुम्ही प्रवासाला जसे निघणार तसंच सगळं भरा: भांडी, गाद्या, सायकली, सासूबाईंच्या बॅगा, टाकीत जेवढं पाणी नेणार तेवढं पाणी. एक गॅलन पाण्याला सव्वाआठ पौंडांहून जास्त वजन असतं, चाळीस गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशे पौंडांच्या वर गेलं. पिकअपची पुढची चाकं पहिल्या पट्टीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची चारही तिसऱ्या, असं उभं राहायचं. चिठ्ठीवर तिसरा आकडा ट्रेलरच्या ॲक्सलचा. तो 7,000 च्या आत असायलाच हवा. माझ्या मते 6,600 च्या आसपास थांबला तर उत्तम. काटा डावं-उजवं वेगळं दाखवत नाही, आणि ज्या बाजूला सरकती खोली किंवा स्वयंपाकघर आहे ती बाजू नेहमी जड असते. सरासरी 1,650 निघाली तरी एखाद्या टायरवर 1,800 असू शकतात. सवड ठेवायची ती त्याच्यासाठी.

वजन जास्त निघालं तर सामान उतरवा. पहिल्या सहलीला लोक संसार भरतात, दुसऱ्या सहलीला निम्मा घरी ठेवतात. पाणी मुक्कामाच्या ठिकाणी भरता येतं.

मग हवा. तुमच्या टायरला 65 पीएसआय, तीही थंड असताना. थंड म्हणजे सकाळी, गाडी हलायच्या आधी, ऊन टायरवर पडायच्या आधी. एक बाजू पूर्वेला असेल तर तिकडचे टायर आठ वाजताच तीन-चार पीएसआय जास्त दाखवतात, त्याने फसू नका. दर दहा अंश फॅरनहाइटमागे हवेचा दाब सुमारे दोन टक्क्यांनी बदलतो. फ्रिस्कोच्या गरम रात्रीनंतर भरलेली हवा फ्लॅगस्टाफच्या गार पहाटे तेवढीच दाखवेल अशी अपेक्षा ठेवू नका, रोज पाहा. दुपारी गेज 72 दाखवेल, 75 दाखवेल. दाखवू दे. सोडायची नाही! माझी भाजणी आठवा.

हे काम सासऱ्यांना द्या. त्यांना चांगला गेज हातात दिलात तर ते रोज सहाला उठून चारही चाकं पाहतील, आणि बोटांनी टायरची बाजू चाचपतील, जे तुमचा नवरा करणार नाही. फुगवटा किंवा चीर हाताला आधी लागते, डोळ्याला नंतर दिसते. आतली बाजूही पाहायला सांगा. तुमचा ट्रेलर कोरा असला तरी टायर कोरे नाहीत. एल्खार्टहून डॅलसकडे हजार मैलांच्या आसपास अंतर आहे, आणि ट्रेलर तेवढं अंतर स्वतःच्या चाकांवर, कुणाच्या तरी पिकअपमागे आलेला असतो. त्या चालकाला खेपेचे पैसे मिळतात. तो 63 ने आला असेल असं समजू नका. त्याचं चाक कुठल्या पेट्रोल पंपाच्या कट्ट्यावर चढलं, तेही कुणी तुम्हाला सांगणार नाही.

सासरे आले की त्यांना आणखी एक गंमत दाखवा. मोकळ्या पार्किंगमध्ये नवऱ्याला ट्रेलर घेऊन अगदी आखूड वळण घ्यायला लावा आणि तुम्ही दोघं बाजूला उभे राहून चाकं बघा. दोन ॲक्सल जवळजवळ असल्यामुळे ती चाकं वळत नाहीत, फरफटतात. एक टायर आत मुडपतो, दुसरा बाहेर, रिम एकीकडे आणि नक्षी दुसरीकडे. डांबरावर किरकिर ऐकू येते. प्रत्येक पेट्रोल पंपावर, प्रत्येक कॅम्पग्राउंडच्या कोपऱ्यावर हे होत असतं. हा ताण कारच्या टायरला माहीत नाही. आतले पोलादी पट्टे याने थोडे थोडे सैल होतात आणि मग एका तापलेल्या दुपारी सुटतात. म्हणून मी ट्रेलरच्या टायरची नक्षी फारशी मोजत नाही, तारीख मोजतो. तुमचा 3124 म्हणजे 2024 च्या 31 व्या आठवड्यातला, ऑगस्टच्या तोंडावरचा. चांगला ताजा आहे. पण टेक्सासच्या उन्हात बिनझाकणाचा उभा राहिला तर चौथ्या वर्षी, नक्षी नवीन दिसत असली तरी, मी त्यावर कुटुंब घेऊन बसणार नाही. सावली नसेल तर चाकांना झाकणं घ्या.

तर बदलायचे की नाही? वजन 6,600 च्या आत निघालं, चारही टायर आत-बाहेर स्वच्छ असले, आणि तुम्ही वेगाचं माझं ऐकणार असाल, तर या जूनला याच टायरवर जा. ते फेकायचं कारण मला दिसत नाही आणि तुमच्या जिवावर येतंय ते बरोबरच आहे. पण वजन 6,900-7,000 निघालं, कमी करणं जमत नाही, आणि नवरा 75 वरच अडून आहे, तर आजच बदला. या तीन गोष्टी एकत्र येऊ द्यायच्या नाहीत. बदलायचे ठरले तर याच मापात गुडइयर एंड्युरन्स मिळतो, लोड रेंज डी, अक्षर ‘एन’, अमेरिकेत बनलेला, 2017 पासून बाजारात आहे. (त्याच्या आधीच्या एसटी टायरला त्यांनी ‘मॅरेथॉन’ नाव दिलं होतं. लोकांच्या तक्रारी इतक्या होत्या की ते नाव पुन्हा वापरलं नाही यात नवल नाही.) कार्लाइल आणि मॅक्सिसचेही लोक वर्षानुवर्षं वापरतात. काढलेले टायर जवळजवळ नवे आहेत, बोटीचा किंवा बागकामाचा ट्रेलरवाला आनंदाने घेईल. एलटी टायरच्या मागे लागू नका, 14 इंची रिममध्ये तुमच्या वजनाचा मिळणं कठीण. आणि कोणी लोड रेंज ई घाला म्हणालं तर आधी रिमवर किती पीएसआय चालते ते पाहा आणि व्हॉल्व्ह बघा. दाबून बसवलेला साधा रबरी व्हॉल्व्ह 65 पर्यंतचाच असतो, वर जायचं तर जास्त दाबाचा लागतो, शक्यतो धातूचा, नटाने आवळलेला.

वेगावर माझं म्हणणं एवढंच: टायरवर एम असो की एन, ट्रेलर मागे असताना 65 च्या वर जायचं नाही. मी स्वतः 62-63 वर क्रूझ कंट्रोल लावतो. ही माझीच सनक नाही. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानेच 55 ची मर्यादा आहे. जर्मनीत कारमागचा कॅरव्हॅन एरवी ताशी 80 किलोमीटरला बांधलेला असतो. 100 ची परवानगी हवी असेल तर टायर सहा वर्षांच्या आतले आणि किमान ‘एल’ अक्षराचे असावे लागतात. म्हणजे 120 चा टायर असेल तर 100 ने जा, असा त्यांचा हिशेब. तुमच्या नवऱ्याला हाच हिशेब दाखवा. नाहीतर समृद्धी महामार्गाची आठवण करून द्या. टायर फुटून अपघात व्हायला लागल्यावर तिथे आरटीओने टायर तपासून गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ते सासऱ्यांनी पेपरात वाचलं असेल.

आणि 75 ने मिळतं तरी काय? म्हातारी माणसं बरोबर असताना दिवसाला साडेतीनशे मैल पुरे. 75 ने ते पावणेपाच तासांत होतात, 63 ने साडेपाच तासांत. पन्नास मिनिटं. तेवढा वेळ सासूबाईंना पाय मोकळे करायला तसाही थांबायला लागणार आहे. थांबाल तेव्हा चारही चाकांच्या मधल्या हबजवळ हात न्या. एकच इतरांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय, पुढे जाऊ नका.

पिवळा दिवा ट्रेलरला सक्तीचा नसला तरी विकत मिळतो. व्हॉल्व्हवर बसणारे सेन्सर आणि डॅशबोर्डवर छोटा पडदा. जरूर घ्या, पण त्यालाही देव मानू नका. हवा हळूहळू कमी होत असेल तर तो ओरडेल. पट्टा सुटत असेल तर हवा शेवटपर्यंत पूर्ण असते आणि तो गप्प राहतो. ती जागा सासऱ्यांच्या बोटांचीच.

निघाल्यावर पहिल्या दहा मैलांवर, मग पंचवीसवर, मग पन्नासवर थांबून चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, नवी चाकं बसतात तसे नट ढिले होतात. टायर बदललेत तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि एखादा टायर गेलाच तर त्याच बाजूचा शेजारचाही संशयित धरा. स्टेपनी लागेपर्यंत त्याने दोघांचं वजन वाहिलेलं असतं. तो दिसायला ठणठणीत असेल, तरी मी बदलतो.

आजच चारही टायरवरचा पूर्ण डीओटी नंबर मोबाइलमध्ये टिपून ठेवा, फोटो काढलात तर उत्तम. टायर फुटल्यावर वाचायला बाजू शिल्लक राहतेच असं नाही. तो नंबर टायरच्या कंपनीकडे नोंदवा, टायर परत मागवले तर त्यांना तुमचा पत्ता माहीत हवा. ट्रेलरवाली कंपनी टायरची वॉरंटी सहसा घेत नाही, ती टायरवाल्याची असते. काही बिघडलंच तर एनएचटीएसए या केंद्रीय संस्थेकडे ऑनलाइन तक्रार करा. दहा मिनिटांचं काम आहे आणि फार थोडे लोक करतात.

तुमच्या पत्रात स्टेपनीचा उल्लेख नाही. बंपरवर झाकणाखाली असेल, किंवा ट्रेलरच्या पोटाखाली तारेला टांगलेली. सासऱ्यांना आल्या दिवशी ती खाली उतरवायला सांगा. तिचे चार आकडे वाचा, 65 पर्यंत हवा भरा, आणि पिकअपच्या जॅकने ट्रेलर उचलतो का ते अंगणातच करून पाहा. बहुधा उचलणार नाही.